छोट्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज: मोजायचं कसं आणि वाढवायचं कुठे

नवी गाडी दारात आली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. ब्रोशरवर चोवीस छापलंय, मग आपल्याला चौदाच का पडतंय? मग शोरूमला फोन होतात, ओळखीच्या मेकॅनिककडे चकरा होतात, कुणी पेट्रोलमध्ये टाकायची बाटली सुचवतं, कुणी पंप बदलायला सांगतं. या सगळ्या धावपळीत गाडी नेमकं किती देते हे नीट मोजायचं मात्र राहून जातं.

माझ्याकडे एक लिटर इंजिनाची पेट्रोल वॅगन आर आहे. आठवडाभर सिंहगड रस्ता ते हिंजवडी, आणि सुट्टीला सातारा-कराडमार्गे गावाकडे. शहरात ती पंधराच्या आसपास देते, हायवेला वीस-एकवीस. गाडी तीच, चालवणारा तोच, पेट्रोलही त्याच पंपाचं. म्हणून कुणी नुसतं ‘तुझी गाडी किती देते?’ असं विचारलं की मी आधी ‘कुठल्या रस्त्यावर?’ असं विचारतो. तुम्हीही स्वतःला हाच प्रश्न विचारून सुरुवात करा. पहिली गाडी घेतलेल्यांसाठी पुढचं सगळं क्रमाने लिहितो आहे. वॅगन आर, सेलेरिओ, ऑल्टो, स्विफ्ट, टियागो, क्विड, यांपैकी कुठलीही असली तरी पद्धत तीच.

१. ब्रोशरवरचा आकडा कुठून येतो ते समजून घ्या

तो आकडा कंपनीने मनाने लिहिलेला नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारखी संस्था तो प्रमाणित करते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ खाली ही चाचणी होते, आणि ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. वॅगन आरच्या एक लिटर मॅन्युअलचा २४.३५, सेलेरिओ एएमटीच्या (क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीच्या) एका प्रकाराचा २६.६८, हे आकडे असेच आलेले.

चाचणी मात्र रस्त्यावर होत नाही. बंद प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर ठेवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. समोरच्या पडद्यावर वेगाचा आलेख असतो आणि चालक तंतोतंत त्याप्रमाणे गाडी चालवतो. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांपेक्षा थोडा कमीच. त्यात अंतर होतं साधारण साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास आणि कमाल वेग ९०, तोही अगदी थोडा वेळ. एसी बंद. चढ नाही, खड्डे नाहीत, स्पीडब्रेकर नाहीत, मागे बसलेली माणसं नाहीत. सायलेन्सरमधून निघालेला धूर पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं ते काढतात.

हा आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगलाच उपयोगी आहे, कारण सगळ्यांची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर होते. पण वाकडच्या पुलाखाली एसी लावून अर्धा तास अडकलेल्या गाडीबद्दल तो काहीही सांगत नाही. शहरात त्या आकड्याच्या साठ-पासष्ट टक्के आणि शांत हायवेला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळत असेल, तर माझ्या मते तुमची गाडी ठणठणीत आहे.

२. काय काय लागेल

- गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक. बहुतेकांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ते प्लॅस्टिकसकट पडलेलं असतं. ते उघडा.
- एक छोटी वही किंवा फोनमधली साधी नोंद. त्यात चार रकाने हवेत: तारीख, ओडोमीटर (गाडी आजवर एकूण किती किलोमीटर चालली तो आकडा), लिटर, शेरा.
- पंपाची छापील पावती. ऑनलाइन पैसे दिले तरी मागून घ्या, कारण लिटरचा अचूक आकडा तिच्यावरच असतो.
- हवा मोजायचा स्वतःचा गेज. चारपाचशे रुपयांत बरा मिळतो. या यादीत पैसे खर्च करण्यासारखी एवढी एकच वस्तू आहे.
- वॉरंटीच्या काळात असाल तर सर्व्हिस बुकलेट आणि आधीच्या सर्व्हिसिंगची बिलं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ही कामी येतात.

३. टाकी ते टाकी मोजा

मोजण्याची भरवशाची पद्धत एकच. ती सोपी आहे, पण बारकावे पाळले नाहीत तर उत्तर चुकतं.

सकाळी गर्दी नसताना एका चांगल्या पंपावर जा. गाडी सपाट जागेवर उभी करा. खाली उतरा, पंपाचं मीटर शून्यावर आहे का ते बघा आणि सांगा, ‘टाकी फुल्ल, पण पहिल्या कटला थांबवा.’ नोझल आपोआप ‘टक्’ करून बंद पडतं, तिथे थांबायचं. पंपावरचा मुलगा सवयीने पुन्हा दाबून रक्कम गोल करायला बघतो. २,३४७ चे २,४०० करू नका म्हणून हसून सांगा, तो ऐकतो. कटनंतर भरत राहिलं की टाकीच्या मानेपर्यंत पेट्रोल चढतं आणि मोजणीचं वाटोळं होतं. शिवाय पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो, त्यात द्रव पेट्रोल जाऊन तो खराब होतो, आणि त्याची दुरुस्ती स्वस्त नाही.

मग डॅशबोर्डवरचं ट्रिप मीटर ‘ए’ (एका फेरीचे किलोमीटर मोजणारं) शून्य करा आणि नेहमीसारखी गाडी चालवा. मुद्दाम हळू चालवू नका, नाहीतर मोजणी तुमच्या रोजच्या चालवण्याची होणार नाही. टाकीचा निदान दोन तृतीयांश भाग संपू द्या. वॅगन आरची टाकी ३२ लिटरची आहे, म्हणजे वीस-बावीस लिटर तरी संपायला हवं. नंतर त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ट्रिप मीटरवरचे किलोमीटर भागिले पावतीवरचे लिटर, हे तुमचं अ‍ॅव्हरेज.

इतकं पेट्रोल का संपवायचं? नोझल थोडं लवकर किंवा उशिरा कट होतं, गाडी जराशी तिरकी असते, त्यातून अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. २४ लिटर भरलं असेल तर अर्धा लिटर म्हणजे दोन टक्के, चालून जातं. पण ‘पाचशेचं टाका’ म्हणून जेमतेम पाच लिटर भरणाऱ्याच्या हिशोबात तोच अर्धा लिटर दहा टक्क्यांची गडबड करतो. ‘गेल्या वेळी अठरा पडलं, या वेळी चौदा, गाडीत काहीतरी बिघडलंय’ अशा तक्रारींमध्ये बऱ्याचदा बिघाड गाडीत नसतो, तो मोजणीत असतो.

एका टाकीवर निकाल देऊ नका. समजा पहिल्या टाकीला ३८६ किलोमीटर आणि २४.१ लिटर, दुसरीला ४०२ आणि २३.५, तिसरीला ३७१ आणि २४.४. सुटे काढले तर १६.०, १७.१ आणि १५.२ येतात आणि डोकं चक्रावतं. सगळे किलोमीटर मिळवा, ११५९. सगळे लिटर मिळवा, ७२. भागाकार १६.१. हा आकडा धरून चाला.

यात लोक हमखास फसतात अशा तीन जागा सांगतो.

डॅशबोर्डवरचा आकडा. तो गाडीचा संगणक इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) हिशोबावरून काढतो आणि बऱ्याच गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवतो. पाय कसा पडतोय हे बघायला तो उत्तम, हिशोबाला घेऊ नका.

पेट्रोलचा दिवा लागल्यावर ठरावीक लिटर टाकून पुन्हा दिवा लागेपर्यंत मोजणे. गाडी चढावर असेल तर दिवा लवकर लागतो, उतारावर उशिरा. या पद्धतीने आलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि ओडोमीटर. टायर बदलून मोठ्या मापाचे टाकले असतील तर गाडी खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवते, टायर झिजले की थोडे जास्त. हायवेवरचे किलोमीटरचे दगड बघत किंवा फोनच्या नकाशावर पंधरा-वीस किलोमीटरचं अंतर एकदा ताडून घ्या. टक्का-दोन टक्क्यांचा फरक असेल तर सोडून द्या.

४. पंपाबद्दल शंका असेल तर

प्रत्येक पंपावर वैध मापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते, त्यापुढे नाही. शांतपणे मागा. जिथे टाळाटाळ होते, तिथे पुन्हा जाऊ नका.

पहाटे पेट्रोल थंड असतं म्हणून तेव्हाच भरावं, हा सल्ला मनावर घेऊ नका. टाक्या जमिनीखाली असतात, दिवसभरात त्यांचं तापमान फारसं हलत नाही. सकाळी जायचं ते गर्दी नसते म्हणून.

५. तुमच्या रस्त्याचा पाया ठरवा

शहर आणि हायवे वेगळे मोजा, एसी आणि बिनएसी वेगळं मोजा, आणि वहीच्या शेरा रकान्यात तसं लिहा. पावसाळ्यातली टाकी आणि मे महिन्यातली टाकी एकमेकींशी ताडू नका.

घाटाचा हिशोब तर वेगळा धरावाच लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. पुण्याहून मुंबईला जाताना झकास अ‍ॅव्हरेज मिळतं आणि परतताना पडतं, त्यात गाडीचा काही दोष नाही. चार माणसं बसलेली छोटी गाडी एवढी वर चढवायला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागतं. दीडशे किलोमीटरच्या प्रवासाला एकूण सात-साडेसात लिटर लागत असतील, तर हा पाऊण लिटर दहा टक्के झाला. म्हणून जाऊन-येऊन मिळून मोजा. कोकणातून घाटमाथ्यावर ये-जा करणाऱ्यांनी तर हे नक्कीच पाळावं.

दुसरी गोष्ट पेट्रोलचीच. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या साखर कारखान्यांतून येतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत तीन-साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या, बिगर-इथेनॉल पेट्रोलसाठी बनवून नंतर १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के घट धरलेली आहे, तर १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांना एक-दोन टक्के. तुमची गाडी कुठल्या मिश्रणासाठी आहे ते माहितीपुस्तकात आणि बऱ्याच गाड्यांत टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. ‘पाच वर्षांपूर्वी हीच गाडी हायवेला बावीस द्यायची’ असं कुणी म्हणालं तर त्यातल्या काही भागाचं उत्तर इथे आहे. त्यासाठी इंजिन उघडायची गरज नाही.

गाडी अगदी नवी असेल तर पहिले हजारएक किलोमीटर जपून चालवा, एकाच वेगात ताणू नका, आणि त्या काळातलं अ‍ॅव्हरेज मनाला लावून घेऊ नका. पुढे काही हजार किलोमीटर झाले की आकडा थोडा सुधारतो.

इथवरचं सगळं झालं की तुमच्या हातात एक खरा आकडा येतो. आता तो वाढवायचा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन टाक्या तरी मोजा. हवा, प्लग आणि पंप एकाच आठवड्यात बदलले तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

६. हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. दोन माणसांसाठी वेगळा, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. पंक्चरवाला न विचारता सगळ्या गाड्यांना ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरतो, त्याला आकडा तुम्ही सांगा.

टायर थंड असतानाच मोजा, म्हणजे सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता. हायवेवर तासभर पळवून मग मोजलं तर आकडा तीन-चार पीएसआयने वाढलेला दिसतो. तेव्हा हवा काढू नका, रात्री टायर थंड झाले की ती कमी पडेल. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जाते, म्हणून निदान पंधरा दिवसांतून एकदा गेज लावा. कमी हवेची सायकल मारताना पायाला जे जाणवतं, तेच इंजिनाला जाणवतं, फक्त ते बोलून दाखवत नाही.

जास्त अ‍ॅव्हरेजसाठी ठरलेल्यापेक्षा खूप जास्त हवा भरू नका. टायर मधोमध झिजतो, आणि पावसात ब्रेक मारल्यावर गाडी सरकते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्यातही अर्थ नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि ती पंपावर फुकट मिळते.

७. पाय, गिअर आणि घाट

खरी कमाई इथे आहे. दोन माणसं एकच गाडी त्याच रस्त्यावर चालवतात आणि तीन-तीन किलोमीटरचा फरक पडतो, तो इथेच.

शहरात पेट्रोल जातं ते मुख्यतः ब्रेकमध्ये. अ‍ॅक्सिलरेटर दाबून जो वेग विकत घेतला, तो पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबून वाया घालवायचा, हे दिवसभर चालू असतं. दोनशे मीटरवर लाल दिवा दिसतोय ना? आत्ताच पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणंच थांबतं. चाकं इंजिनाला फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये टाकली तर मात्र इंजिनाला स्वतःचं फिरणं चालू ठेवायला पेट्रोल घ्यावं लागतं. ‘न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं’ हा समज जुन्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या इंजिनांच्या जमान्यातला आहे, आता उलट आहे.

आणि उतारावर न्यूट्रल तर कधीच नको. कात्रजचा नवीन बोगदा ओलांडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना माहीत आहे. तिथल्या अवजड वाहनांच्या अपघातांमागे उतारावर गाडी न्यूट्रल करणं हे कारण पोलिसांनी वारंवार सांगितलं आहे. इंजिनाचा धाक गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. छोट्या गाडीलाही हाच नियम. खंडाळ्याचा, आंब्याचा, ताम्हिणीचा, कुठलाही घाट ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोलही वाचतं आणि जीवही.

चढताना उलटी चूक होते. अ‍ॅव्हरेजच्या मोहात लोक चौथ्या गिअरमध्ये घाट चढवायला बघतात. तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन चार माणसं आणि सामान घेऊन तिथे गुदमरतं, थरथरतं, आणि मग पाय पूर्ण दाबला जातो. खालचा गिअर टाका, इंजिनाला मोकळा श्वास घेऊ द्या. सपाट रस्त्यावर मात्र वरचा गिअर लवकर टाका. ताशी ५० च्या आसपास बहुतेक छोट्या गाड्या चौथ्यात आरामात चालतात. डॅशबोर्डवर गिअर बदलायचा बाण असेल तर सपाटीला तो ऐका, चढावर स्वतःच्या कानांना विचारा.

क्लचवर पाय ठेवून चालवू नका आणि चढावरच्या सिग्नलला हाफ क्लचवर गाडी तोलू नका. हँडब्रेक त्यासाठीच दिलाय. एएमटीवाल्यांनीही अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नये, आतला क्लच तसाच घासतो.

उभ्या गाडीचं इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. सिग्नलचे आकडे दिसतात, तीस सेकंदांपेक्षा जास्त उरले असतील तर इंजिन बंद करा. शाळेबाहेर मुलांची वाट बघताना तर नक्कीच.

हायवेवर सगळं वेगावर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. उंच, डब्यासारख्या आकाराच्या गाड्यांना हे जास्त झोंबतं. दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात सतत ८० ने आणि सतत १०० ने जाण्यात फरक २२ मिनिटांचा, तोही कागदावर. प्रत्यक्षात टोलनाके, ट्रकच्या रांगा आणि खंबाटकी त्यातली बरीच मिनिटं खाऊन टाकतात. मी ८० ते ८५ धरतो आणि डाव्या लेनला समाधानाने चालतो. उजव्या लेनमध्ये मात्र असं रेंगाळू नका, मागच्यांना त्रास होतो आणि ते धोक्याचंही आहे.

एक-दीड किलोमीटरच्या फेऱ्या अ‍ॅव्हरेजच्या मुळावर येतात. इंजिन तापायच्या आत गाडी बंद होते, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं. भाजी, दळण, मेडिकल ही कामं एकाच फेरीत करा, किंवा चालत जा.

८. एसी आणि वजन

छोट्या इंजिनाला एसीचा भार जाणवतो. माझ्या गाडीला शहरात दीड-दोन किलोमीटरचा फटका बसतो. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी मिनिटभर सगळ्या काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवण्याच्या बटणावर एसी चालवा. गाडी गार झाली की नॉब मागे घ्या. शहरात कमी वेगाला काचा उघड्या चालतील, हायवेला नाही. तिथे उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो, त्यापेक्षा एसी बरा. मात्र लहान मूल किंवा वयस्कर माणूस गाडीत असेल तर मे महिन्यात अ‍ॅव्हरेजचा विचारच करू नका.

डिकीतलं जुनं सामान काढा. टपावरचा कॅरियर गरज संपली की उतरवा, रिकामा असला तरी तो हवा अडवतो.

९. सर्व्हिसिंगमध्ये काय बघायचं

एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि इंजिन ऑइल वेळेवर. यात ऑइलकडे जास्त लक्ष द्या. आजच्या बऱ्याच छोट्या इंजिनांना पातळ ऑइल लागतं, मारुतीच्या नव्या के-सिरीज इंजिनांना ०डब्ल्यू-१६. आमच्या एका नातेवाइकांच्या गाडीत बाहेरच्या गॅरेजने ‘उन्हाळ्याला जाड ऑइल चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं. गाडी जड वाटू लागली, आणि आकडा पडला तो पुढचं ऑइल बदलेपर्यंत. ग्रेड माहितीपुस्तकातून बघा, बिलावर लिहून घ्या आणि डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा.

एक तपासणी घरीच करता येते. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवा आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या, टेकवू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे गरम असेल तर तिथला ब्रेक घासत राहतोय. पावसाळ्यानंतर चिखल आणि गंज बसून हे बऱ्याच गाड्यांत होतं, आणि त्यात पेट्रोल गुपचूप जातं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

१०. सीएनजीवाल्यांसाठी

सीएनजी किलोत मिळतो, त्यामुळे त्याचा आकडा पेट्रोलच्या लिटरशी थेट ताडू नका. रुपये प्रति किलोमीटर काढा. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १६, तर किलोमीटरला साडेसहा रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि २४ किलोमीटर, तर पावणेचार.

इथे ‘फुल्ल’ दर वेळी सारखं नसतं. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण आठ-नऊ किलो बसतो, पण तो पंपाच्या प्रेशरवर आणि उन्हावर अवलंबून. दुपारी तापलेल्या सिलिंडरमध्ये कमी जातो. म्हणून एका भरणीवर मोजू नका, महिन्याभराचे किलोमीटर आणि महिन्याभराचे किलो मिळवून भागा. गाडी सुरू होताना थोडं पेट्रोलही जळतं, तेही हिशोबात धरा. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी मजबुतीची तपासणी, चुकवू नका. तिचा अ‍ॅव्हरेजशी संबंध नाही, पण ती वेळेत झालेली हवीच.

११. यावर पैसे घालवू नका

पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक, लायटरच्या खाचेत बसवायचे ‘फ्युएल सेव्हर’, दर टाकीला ओतायच्या बाटल्या. यांतल्या कशानेही मोजता येईल असा फरक पडत नाही. ९५ किंवा १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोलही साध्या छोट्या इंजिनाला गरजेचं नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन, आणि तिचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बो इंजिनांना होतो. रुंद टायर आणि जड अलॉय दिसायला छान, पण त्यांची किंमत दर टाकीला मोजावी लागते.

महिन्याला १,२०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १६ वरून १८ झालं तर सव्वाआठ लिटरच्या आसपास वाचतं, म्हणजे लिटरला १०५ रुपये धरले तर पावणेनऊशे रुपये. हवा, पाय आणि वेग यांतून हे दोन किलोमीटर येतात, आणि त्याला गेजपलीकडे काही विकत घ्यावं लागत नाही.

१२. तरीही आकडा कमीच असेल तर

सलग तीन टाक्या शहरात ब्रोशरच्या निम्म्याहून कमी, किंवा तुमच्या स्वतःच्या जुन्या आकड्यापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त घसरण, तीही रस्ता आणि हवामान तेच असताना, असं दिसलं तर सर्व्हिस सेंटरला जा. आधी पार्किंगमध्ये गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलचा वास किंवा ओल दिसते का. दिसली तर गाडी सुरू न करता फोन करा.

काउंटरवर ‘अ‍ॅव्हरेज देत नाही हो’ एवढंच म्हटलं तर ‘चालवण्यावर असतं’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी वही आणि पावत्या पुढे ठेवा: एवढे किलोमीटर, एवढे लिटर, हा रस्ता, हवा इतकी, ऑइल या तारखेला बदललेलं. जॉब कार्डवर तक्रार याच शब्दांत लिहून घ्या आणि प्रत मागा. त्यांना स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर आणि थर्मोस्टॅट तपासायला सांगा. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जातं, डॅशबोर्डवर दिवा न लागताही. क्लच घसरतोय का हेही बघायला सांगा: इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, ही त्याची खूण.

मायलेज टेस्ट मागितली तर त्यांचा माणूस टाकी फुल्ल करून तुमच्यासोबत गाडी काढतो. तेव्हा तुम्ही शेजारी बसा, पहिल्या कटला भरणं थांबतंय ना, एसी चालू आहे की बंद, रस्ता कुठला धरलाय, हे सगळं वहीत लिहा आणि परत आल्यावर त्याच पंपावर भरायला लावा.